बादशहाची चिकटवही

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जणांकडे एखादी चिकटवही असेल. तुमच्याकडे नसली तर घरातल्या लहान भावंडाकडे नक्की असेल. जुन्या कॅलेंडरवरचा पक्षी, लग्नपत्रिकेवरची सोनेरी वेल, वर्तमानपत्रातला खेळाडू असे काहीबाही कात्रीने कापायचे, रंगवलेल्या पानावर खळीने चिकटवायचे आणि मग त्याच्या कडेने असा रंग भरायचा, की ते चित्र मुळातच त्या पानावर काढले आहे असे वाटावे. चित्रकलेच्या तासाला याला कोलाज किंवा चिकटचित्र म्हणतात. घरी मात्र याला कचरा म्हणतात. निदान आमच्या घरी तरी म्हणत असत.

आज मी तुम्हांला अशाच एका चिकटवहीची आणि तिच्या मालकाची हकिगत सांगणार आहे. हा मालक हिंदुस्थानचा बादशहा होता. त्याचे नाव नूरुद्दीन मुहम्मद जहांगीर. इतिहासाच्या पुस्तकात तो तुम्हांला भेटलेला आहे. त्याची न्यायाची सोन्याची साखळी तुम्हांला आठवत असेल. त्याची चिकटवही मात्र त्या पुस्तकात सहसा नसते.

(मुंबईला काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरी आहे. ती या बादशहाच्या नावाची आहे असे काही मुले परीक्षेत लिहितात. तसे लिहू नका. ते नाव एका पारशी कुटुंबातले आहे आणि त्यांच्याच देणगीतून ती गॅलरी १९५२ मध्ये उभी राहिली.)

बादशहाच्या या वहीला फारसीत आणि उर्दूत मुरक्का म्हणतात. हा शब्द तुमच्या कानांवरून गेला असेल, पण त्याचा मूळ अर्थ ठाऊक आहे का? अरबीत कपड्याला लावलेल्या ठिगळासाठी जो शब्द आहे, त्यातून तो आला. ठिगळांवर ठिगळे जोडून शिवलेला फकिराचा अंगरखा म्हणजे मुरक्का. आपल्या मराठी गोधडीचा तो नातेवाईकच समजा. निरनिराळ्या देशांतली, निरनिराळ्या हातांची चित्रे आणि अक्षरे एका पानावर जोडली, म्हणून त्या पुस्तकालाही तेच नाव पडले.

आता या बादशहाच्या बालपणाकडे जाऊ. अकबर बादशहाची मुले लहानपणीच दगावत होती. त्यामुळे तो सीक्रीच्या शेख सलीम चिश्ती यांच्याकडे दुआ मागायला गेला. १५६९ मध्ये सीक्रीलाच शहजाद्याचा जन्म झाला. शेखसाहेबांच्या नावावरून त्याचे नाव सलीम ठेवले. बाप त्याला लाडाने शेखूबाबा म्हणत असे.

अकबर स्वतः पुस्तक हातात घेऊन वाचत नसे, पण तो रोज पुस्तके वाचून घेऊन ऐकत असे. त्याच्या पदरी चित्रकारांचा मोठा कारखाना होता. मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद या दोन उस्तादांना हुमायून बादशहाने इराणहून आणले होते. त्यांच्या हाताखाली हिंदू आणि मुसलमान असे कितीतरी चित्रकार तयार झाले. रंग खलण्याचा आवाज आणि गोंदाचा वास यांतच सलीम वाढला, असे म्हणायला हरकत नाही.

१५८० मध्ये एक नवी गोष्ट घडली. अकबराच्या बोलावण्यावरून गोव्याहून तीन ख्रिस्ती पाद्री फतेहपूर सीक्रीला आले. त्यांनी भेट म्हणून बायबलचे मोठमोठे खंड आणले. ते अँटवर्प शहरात छापलेले होते आणि त्यांत तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रे होती. त्या चित्रांत रंग नव्हता, नुसत्या काळ्या रेघा होत्या. पण रेघा दाट केल्या की सावली पडत होती आणि विरळ केल्या की उजेड. जवळचे मोठे दिसत होते आणि दूरचे लहान. मोगल चित्रकारांना हे नवे होते. तेव्हा सलीम दहा-अकरा वर्षांचा होता. पुढे मोठेपणी या परदेशी चित्रांचा त्याला एवढा नाद लागला, की गोव्याचा पाद्री असो की सुरतेचा व्यापारी, त्याच्याकडे चित्र मागायला त्याला कधी संकोच वाटला नाही.

सलीमने तरुणपणीच स्वतःचे चित्रकार जमवायला सुरुवात केली. त्यांत आका रिझा नावाचा एक इराणी उस्ताद होता. या आका रिझाचा मुलगा अबुल हसन शहजाद्याच्या घरातच लहानाचा मोठा झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे १६०० च्या सुमारास, त्याने एका युरोपियन छापील चित्रातली एक आकृती पाहून काढली. मूळ चित्र जर्मनीच्या अल्ब्रेख्ट ड्यूररचे. आकृती होती हजरत ईसांच्या एका शिष्याची. तो दुःखाने हात जुळवून उभा आहे. अंगावरच्या झग्याची एकेक चुणी मुलाने नजरेने टिपली आहे. हे चित्र आज इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. तेरावे वर्ष म्हणजे तुमच्याच वर्गातल्या मुलाचे वय झाले, नाही का?

याच काळात सलीमने बापाविरुद्ध बंड केले. अलाहाबादला त्याने स्वतःचा वेगळा दरबार थाटला. १६०२ मध्ये अकबराचा जिवलग मित्र आणि मोठा विद्वान अबुल फजल दक्षिणेतून आग्र्याकडे परत जात होता. सलीमने ओर्छ्याच्या बीरसिंह बुंदेल्याकडून वाटेतच त्याचा खून करवला. ही गोष्ट मी गाळणार नाही. धड्यात मोठ्या माणसांचे दोष गाळून टाकायची आपल्याला सवय आहे. पण हे कृत्य आपणच घडवून आणले, असे जहांगीराने पुढे आपल्या आत्मचरित्रात उघड लिहून ठेवले आहे. त्याने लपवले नाही, तर आपण का लपवावे?

नवल असे, की ज्या वर्षांत हे बंड चालले होते, त्याच वर्षांत त्याच्या प्रसिद्ध मुरक्क्याचे काम सुरू झाले. त्याचे नाव मुरक्का-ए-गुलशन. त्यातल्या सर्वांत जुन्या हाशियांवर आका रिझाची सही आणि १५९९-१६०० या सुमाराचे हिजरी साल आहे. पुढे सलीम बादशहा झाला तरी काम चालूच राहिले.

हे काम कसे चालत असे ते जरा सावकाश पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आधी पाठीचा जाड कागद तयार करत. त्याला वसली म्हणतात. पातळ कागदाचे थर एकावर एक खळीने चिकटवायचे, वाळवायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटून घोटून पान काचेसारखे चकचकीत होत असे. मग पानाच्या मधोमध मुख्य तुकडा लावत. हा तुकडा म्हणजे एखादे चित्र किंवा एखाद्या खुशनवीसाच्या हातची अक्षरे. जहांगीराला मीर अली हिरवी या खुशनवीसाचे नस्तालीक फार प्रिय होते. मीर अली हा हिरात शहराचा. उझबेकांनी ते शहर जिंकल्यावर त्याला बुखाऱ्याला नेऊन ठेवले आणि तिथेच त्याला आयुष्यभर लिहीत बसावे लागले. जहांगीर जन्मला त्याच्या कितीतरी आधी तो वारला होता. त्याच्या हातचे कागद बादशहाने मिळतील तिथून मिळवले.

मुख्य तुकडा लहान पडला तर त्याच्या बाजूंना दुसऱ्या लिखाणाच्या बारीक पट्ट्या लावत. हा कागद पांढरा, तो पिवळसर. हा जाड, तो पातळ. पण सांधा बोटाला लागता कामा नये आणि डोळ्याला दिसता कामा नये. म्हणून सांध्यावरून सोनेरी आणि रंगीत रेघा ओढत. मग बाहेरच्या रुंद हाशियावर चित्रकार बसे. ज्या पानाच्या मध्यभागी चित्र असेल, त्याच्या हाशियावर बहुधा सोन्याच्या शाईत झाडे, पक्षी, हरणे काढत. ज्या पानाच्या मध्यभागी अक्षरे असतील, त्याच्या हाशियावर माणसे येत. मुरक्का उघडला की समोरासमोरच्या दोन्ही पानांवर चित्रे दिसावीत किंवा दोन्हींवर अक्षरे, अशी रचना होती. एक पान साधारण बेचाळीस सेंटीमीटर उंच आहे. पट्टी घेऊन मोजून पाहा. तुमच्या चित्रकलेच्या वहीपेक्षा ते मोठे भरेल.

काही पाने तर अगदी तुमच्या चिकटवहीसारखी आहेत. जर्मनी आणि फ्लँडर्समधली छापील चित्रे कापून तिथे सरळ चिकटवली आहेत. निरनिराळ्या चित्रांतल्या आकृती एका पानावर शेजारी शेजारी बसवल्या आहेत. काहींवर मोगल चित्रकाराने रंग चढवला आहे. मधल्या मोकळ्या जागेत झाडे, डोंगर, आकाश रंगवून तुकडे एकमेकांत असे मिसळून टाकले आहेत, की कुठे परदेशातला कागद संपतो आणि कुठे आग्र्याचा रंग सुरू होतो ते चटकन कळत नाही. बीबी मरियम, फरिश्ते, युरोपियन टोपी घातलेला माणूस आणि त्यांच्या शेजारी आपल्याकडचा जोगी, असे सगळे एका पुस्तकात नांदतात.

मुलींनी पुढची गोष्ट लक्षात ठेवावी. या मुरक्क्यातली काही चित्रे स्त्रियांच्या हातची आहेत. नादिरा बानो ही त्यांतली एक. ती मीर तकीची मुलगी आणि आका रिझाची शागीर्द. युरोपियन छापील चित्रावरून तिने काढलेल्या चित्रावर ही ओळख लिहिलेली आहे. दुसरीचे नाव रुकय्या बानो. त्यांच्याविषयी याहून फारसे लिहिलेले सापडत नाही. बादशहाविषयी मात्र हजारो पाने सापडतात.

एका पानाच्या हाशियावर पुस्तक बनवणारेच काढले आहेत. कुणी कागद घोटतो आहे, कुणी पानांच्या कडा साफ करतो आहे, कुणी जिल्द तयार करतो आहे, कुणी लाकडाची रहाल बनवतो आहे. हे पान अमेरिकेत वॉशिंग्टन शहरातल्या संग्रहालयात आहे. आणखी एका पानाच्या हाशियावर दौलत नावाच्या चित्रकाराने आपले सोबती काढले: अबुल हसन, मनोहर, बिशनदास, गोवर्धन. शेवटी त्याने स्वतःलाही काढले. बादशहाने हुकूम दिला म्हणून हे घडले. नाहीतर चित्रकारांची चित्रे कोण काढतो?

इथे मला एक प्रश्न पडतो आणि तो मी तुमच्यापुढे ठेवतो. मीर अलीने लिहिलेला कागद कापला, दुसऱ्या कागदाला जोडला, भोवती वेलबुट्टी काढली, तर तो कागद जपला की बिघडवला? कापल्यामुळे तो तुकडा मुळात कुठला, त्याच्या आधी आणि नंतर काय लिहिले होते, हे पुष्कळदा कळेनासे झाले. पण सुटे कागद पावसाने, वाळवीने आणि माणसांच्या निष्काळजीपणाने नष्ट होतात. मुरक्क्यात गेले ते चारशे वर्षे टिकले. मला स्वतःला वाटते, की जपले म्हणावे. तरी मनाला थोडी रुखरुख लागतेच. मात्र एवढे वाचून शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकाला कात्री लावू नका. आपण बादशहा नाही, आणि ग्रंथपाल गुरुजी दंड घेतात.

१६०५ मध्ये अकबर वारला आणि सलीम जहांगीर या नावाने गादीवर बसला. दुसऱ्याच वर्षी त्याचा मोठा मुलगा खुसरो याने बंड केले. जे सलीमने बापाशी केले तेच मुलाने त्याच्याशी केले. जहांगीराने बंड मोडले, खुसरोच्या साथीदारांना भयंकर शिक्षा दिल्या आणि पुढच्या वर्षी मुलाची दृष्टी अधू करवली. हाच बादशहा अभिमानाने सांगत असे, की कोणतेही चित्र समोर ठेवा, चित्रकाराचे नाव मी ओळखतो. एका चेहऱ्यातला डोळा एकाने आणि भुवई दुसऱ्याने काढली असली, तरी कोणती कुणाची ते सांगतो. नजरेची एवढी किंमत कळणाऱ्या माणसाने मुलाच्या डोळ्यांचे असे केले. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. मला त्या कधी नीट जोडता आलेल्या नाहीत.

त्याच्या पारखीची एक हकिगत इंग्रज वकील सर टॉमस रो याने लिहून ठेवली आहे. तो १६१५ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याने बादशहाला एक बारीक इंग्रजी चित्र दाखवले आणि असे चित्र इथे कुणाला जमणार नाही असा त्याचा समज होता. बादशहाने आपल्या चित्रकाराकडून त्याच्या नकला करवल्या आणि एके रात्री दिव्याच्या उजेडात मूळ चित्र व नकला एकत्र मांडून रोला त्याचे चित्र ओळखायला सांगितले. रो चांगलाच गोंधळला. त्याने शेवटी ते ओळखले, पण तोवर बादशहाला हवी ती गंमत मिळाली होती.

जगात जे जे नवे दिसेल ते कागदावर उतरवून ठेवायचे, हा त्याचा स्वभावच होता. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून काही अनोखे पशुपक्षी आणले. त्यांत टर्की कोंबडा होता. तो इकडे कुणी पाहिलेला नव्हता. उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. १६२१ मध्ये झेब्रा आला. त्याच्या अंगावरचे पट्टे कुणी रंगवले असावेत अशी शंका आली, म्हणून आधी ते नीट तपासले आणि खात्री पटल्यावर मन्सूरने चित्र काढले. १६१८ मध्ये इनायत खान नावाचा एक सरदार अफूच्या व्यसनाने मरणाला टेकला. नुसता हाडांचा सापळा उरला होता. बादशहाने त्याला पैसे दिले आणि चित्रकारांना त्याचेही चित्र काढायला सांगितले. ते चित्र पाहून अंगावर काटा येतो. बादशहा स्वतः दारू आणि अफू घेत असे. त्याचे दोन भाऊ, मुराद आणि दानियाल, दारूपायीच गेले होते. मरणाऱ्या सरदाराकडे पाहताना त्याच्या मनात काय आले असेल?

आपल्या महाराष्ट्राशीही या चित्रांचा एक संबंध आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मोगल फौजांना वर्षानुवर्षे दमवले. हा मूळचा हबशी गुलाम. १६१० मध्ये त्याने वसवलेले खडकी गाव म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. जहांगीराला तो हाती लागला नाही. मग त्याने काय करावे? अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. हे चित्रही मुरक्क्याचे पान म्हणून जपले गेले. आज ते आयर्लंडमध्ये डब्लिनला आहे. खरा मलिक अंबर १६२६ मध्ये म्हातारपणी, आपल्याच मुलुखात, मान खांद्यावर शाबूत असताना वारला.

१६१८ मध्ये बादशहाने अबुल हसनला नादिरुज्जमान, म्हणजे युगातला अजोड, असा किताब दिला. झगा टिपणारा तेरा वर्षांचा मुलगा तो हाच. मन्सूरला नादिरुल अस्र हा किताब होता.

बादशहाची शेवटची वर्षे दुखण्यात गेली. त्याला दमा होता आणि नशेने शरीर पोखरले होते. १६२२ मध्ये त्याच्याच्याने आत्मचरित्र लिहवेना, म्हणून ते काम त्याने मोतमद खानाकडे सोपवले. त्याच सुमारास तिसरा मुलगा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बंड करून उठला. राज्याचा कारभार बहुतांशी बेगम नूरजहान पाहत होती. उन्हाळ्यात श्वास घेता यावा म्हणून बादशहा काश्मीरला जात असे. १६२७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथून लाहोरकडे परत येताना वाटेतच तो वारला. लाहोरजवळ शाहदऱ्याला त्याचा मकबरा आहे.

मुरक्का-ए-गुलशन मात्र हिंदुस्थानात राहिला नाही. तो इराणला गेला आणि त्याची बहुतेक पाने आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात आहेत. काही पाने एकोणिसाव्या शतकात जर्मनीत पोहोचली आणि ती बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात ठेवली आहेत. काही सुटी पाने इतर देशांत विखुरली. जर्मनीत छापलेली चित्रे समुद्रमार्गे गोव्याला, तिथून आग्र्याला, तिथे कात्रीखाली, खळीवर, रंगाखाली आणि मग इराणमार्गे पुन्हा जर्मनीला, असा त्यांतल्या काही तुकड्यांचा प्रवास झाला. बर्लिनला ती पाने पाहणारे अभ्यासक भिंग घेऊन सांधा कुठे आहे ते शोधत बसतात.